बारावं पत्र

फ्रेनीबाई,
ताकाला जाऊन भांडं लपवत नाही.
हे पत्र त्याच कामासाठी,
ज्यासाठी आधीची अकरा होती.
तुम्ही त्यांना इतक्या सभ्यपणे
वाटाण्याच्या अक्षता लावल्यात
की तक्रार करायला जागा नाही.
शिवाय तुमच्या उत्तरांचा कागद चांगला असतो,
मागच्या कोऱ्या बाजूवर मी स्वर उतरवून घेतो.

इलारिओ रेबेलो.
नाव पुन्हा लिहितो, कारण मागच्या खेपेला
तुमच्याकडून ते रिबेरो झालं होतं.
धोबीतलावला, गाववाल्यांच्या क्लबात,
एक खाट आणि एक पत्र्याची पेटी
एवढ्यावर एकतीस वर्षं राहिला.
दिवसा ताडदेवच्या स्टुडिओत
दुसऱ्यांच्या चालींना कपडे शिवायचा,
पाटीवर नाव दुसऱ्याचं.
रात्री तीच पेटी उभी करून
तिच्यावर स्वतःचं लिहायचा.
शाई स्टुडिओची, कागदही.
तेवढी चोरी आता माफ असावी.

पेटी माझ्याकडे कशी आली ते सातव्या पत्रात आहे.
तिसरा भाग कसरीनं जवळजवळ संपवलाय.
तिला तरी आवडला म्हणायचा.

तुम्ही म्हणता, तिकीट खपत नाही.
खरं आहे.
पण फेब्रुवारीत त्या नेहमीच्या जर्मन गृहस्थांना वाजवताना
व्हायोलांच्या शेवटच्या खुर्चीवरून मी मोजलं
(आम्हाला मोजायला विश्राम भरपूर असतात):
एकशे बारा खुर्च्या रिकाम्या होत्या.
निदान त्या एकशे बारा
रेबेलोच्या नावावर टाका.

आता मंगळवारचं सांगतो. कुणीतरी सांगेलच.
तुम्ही गावदेवीला दाताच्या डॉक्टरकडे,
पियानोवाल्या पाहुण्याचं विमान मस्कतला अडकलेलं,
कंडक्टर घड्याळाकडे बघत बसलेले.
पार्ट माझ्या पिशवीत होते.
चार वर्षं असतात, छत्रीसारखे.
कुणी नको म्हणायच्या आत मी वाटून मोकळा झालो.

दुसरा भाग. आठ मिनिटं.
खोटं कशाला सांगू, वाईट वाजला.
हॉर्न दोन बार उशिरा आले
आणि आल्याबद्दल ओशाळून गप्प बसले.
मग चौऱ्याऐंशीव्या बारला
ओबोवाली कादंबरी नाबर थांबली.
"काका, इथे एफ आहे की एफ शार्प?"

मी मूळ वही उघडली.
तिथे एक डाग.
शाईचा असेल, चहाचा असेल,
शार्पही असेल.

बाई, त्या जर्मन गृहस्थांच्या एका स्वराबद्दल शंका आली
तर तिकडे चार प्राध्यापक भांडायला उभे असतात.
इथे कुणाला विचारू?
इलारिओ शिवडीला. कबरही ठरावीक वर्षांपुरतीच,
आता हाडं भिंतीतल्या कोनाड्यात,
मेल्यावरही भाडेकरू.

म्हटलं, दोन्ही वाजवून बघू.
एफ वाजला. बरा. गोड.
शार्प वाजला
आणि चेलोवाले म्हातारे काशिमिरो
जे रिहर्सलला डुलक्या काढतात
ते मान वर करून म्हणाले, "अरे?"
एवढंच. अरे.
पुन्हा सुरू केलं तेव्हा
कुणीतरी उठून पंखा बंद केला होता.
कुणी सांगितलं नव्हतं.
मे महिन्यात, बाई.

शार्प चूकही असेल.
पण ती चूक आहे म्हणून भांडायला
आधी कुणीतरी ऐकलेलं असावं लागतं.

पूर्ण सिंफनी मागत नाही.
रात्रीचा मानाचा भागही नको.
लोक गाड्या लावून, पासचं भांडण मिटवून
खुर्च्या शोधत असतात ना,
ती पहिली आठ मिनिटं द्या.
तशीही ती कुणाची नसतात.

आपला,
पास्कोल घोन्सालविस
व्हायोला, शेवटची खुर्ची

ता. क.
रिहर्सलनंतर पार्ट गोळा केले.
एकेचाळीस दिले होते, चाळीस आले.
ओबोचा कमी आहे.
मी मागितला नाही.